दुसऱ्या मजल्यावरची नदी

पुस्तकाची मांडणी करणारी बाई नक्की काय करते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. ही लिहीत नाही, छापत नाही, विकत नाही, मग दिवसभर त्या टेबलावर वाकून करते काय? मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. लग्नाच्या पंगतीत कोण कुठं बसेल, पापड पानात कुठं वाढायचा आणि रुसलेल्या व्याह्यांना कुणाशेजारी बसवायचं, हे कुणीतरी एक जण ठरवतो ना, तेच मी कागदावर करते. चित्र कुठं, मजकूर कुठं, मोकळी जागा किती. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे फुकटचा वाईटपणा." पस्तीस वर्षांच्या धंद्याचं याहून नेमकं वर्णन अजून कुणी केलेलं नाही.

आता या दिवाळी अंकाचे संपादक म्हणतात, तुमच्या क्षेत्रातले अनुभव लिहा. क्षेत्र कसलं डोंबलाचं. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, हेच माझं क्षेत्र. तिथं बसून मी लग्नपत्रिका केल्या, बियाण्यांच्या पिशव्या केल्या, निवडणुकीची पत्रकं केली. एकदा मिरचीच्या बियाण्याच्या पिशवीवर माझ्या हातून वांगं गेलं. मालक तणतणत आला, वाट्टेल ते बोलून गेला. महिन्याभरानं पुन्हा आला आणि खाली मान घालून म्हणाला, बाई, पुढच्या पिशव्यांवर पण तेच वांगं ऱ्हाऊ द्या, लई खपतंय. लोक काय बघून काय घेतात याचा अंदाज बांधणं मी तेव्हापासून सोडून दिलं.

पण हे सगळं निनावी काम. माझं नाव आत छापलेलं पुस्तक आयुष्यात एकच. मुलांनी घराबाहेर पडावं, रानात हुंदडावं, बालपणाची मजा घ्यावी, असं सांगणारं ते पुस्तक मी एका उन्हाळ्यात, घराबाहेर पाऊल न टाकता, माझ्या आठ वर्षांच्या मुलीला स्टुलावर उभं करून तयार केलं. त्याचंच सांगते.

गावाचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि वाळूजला एकामागून एक कारखाने उभे राहत होते. वैजापूरचे अप्पा कांद्याचे व्यापारी. मार्केट यार्डात त्यांचा गाळा आणि गावाबाहेर त्यांनीच काढलेली शाळा. एक दिवस ते धापा टाकत आमचा जिना चढून आले. बरोबर कांद्याची अर्धी गोणी आणि शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे नुसतं गुरुजी म्हणत. गुरुजींनी कविता केल्या होत्या, प्रत्येकीच्या शेवटी एक उपदेश. अप्पांनी घाम पुसला आणि म्हणाले, "ताई, आमचं बालपण रानात गेलं. आताची पोरं खुराड्यात वाढायलीत. पुस्तक असं पाहिजे, की पोरगं वाचता वाचता उठून रानात पळालं पाहिजे."

माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते. वाटलं, आलं बाई, ज्याची इतकी वर्षं वाट बघितली ते काम आलं. पुस्तकाचं नाव अप्पांनी आधीच ठरवून टाकलेलं होतं, 'निसर्ग व बालपण : आनंद कसा घ्यावा'. ते ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं. शाळा उघडेल त्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक पडायला हवं, म्हणजे चित्रं मे महिन्याच्या मध्यापर्यंत हातावेगळी व्हायला हवीत, असं ठरलं.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. मोठ्या कागदावर पुढं आठ, मागं आठ अशी सोळा पानं एकदम छापतात, त्याला फर्मा म्हणतात. त्याची घडी घातली की पानं ओळीनं लागतात, पण घडी घालायच्या आधी दोन नंबरच्या पानाशेजारी पंधरा नंबरचं असतं आणि निम्मी पानं डोकं खाली पाय वर. आमचं पुस्तक बरोबर एका फर्म्याचं, सोळा पानी. त्यातलं एक पान अडलं की सगळी सोळा अडतात, कुणा एकाला मागं ठेवून पुढं जाता येत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या सवयीची. चित्रकलेच्या कॉलेजात आमचे सर मनानं काढलेलं चित्र सरळ फाडून टाकायचे. समोर बघ, दिसतं तेवढंच काढ, अक्कल लावू नको, हे त्यांचं पालुपद. ते माझ्या हाडात मुरलं होतं. झाडावर चढलेली मुलगी काढायची तर चढलेली मुलगी मला डोळ्यांसमोर लागायची. आमच्या गल्लीत झाड नव्हतं, पण घरात मुलगी होती.

वैशू तेव्हा दुसरी पास झाली होती. दर उन्हाळ्यात ती कन्नडजवळ माझ्या माहेरी जायची. तिथं माझ्या भावाचा मळा, मळ्यात विहीर आणि विहिरीवर वाकलेली चिंच. विहिरीचं पाणी पाटानं सोडलं की पोरं दिवसभर त्यात लोळायची आणि वाळायला चिंचेवर चढायची. वैशू दिवाळीपासूनच मेचे दिवस मोजायला लागायची. त्या वर्षी मी तिला म्हटलं, आठ दिवस थांब, तुझी चित्रं काढून होऊ देत, मग जा. ती आनंदानं तयार झाली. पुस्तकात आपण असणार, याचं तिला अप्रूप होतं.

आता घरची परिस्थिती ऐका. आमचे हे वाळूजच्या कारखान्यात आणि तेव्हा त्यांची सलग रात्रपाळी. सकाळी शिफ्टच्या बसनं क्रांती चौकात उतरायचे आणि घरी येऊन झोपायचे ते थेट तीनपर्यंत. जलरंगांना उजेड हवा सकाळचा. म्हणजे माझी कामाची वेळ तीच त्यांची झोपेची वेळ, मधे एक पातळ दार. मला हवी होती आनंदानं बोंबलत झाडावर चढणारी पोर, आणि घरात भांडं वाजायची सोय नव्हती. तेव्हा मी वैशूला आयुष्यातली सगळ्यात वेडगळ सूचना दिली.

"ओरड, पण आवाज करू नको."

शहाणी पोर. तोंड हे एवढं उघडून, गळ्याच्या शिरा ताणून, एक अक्षर बाहेर न पडू देता ओरडायला लागली. मी इतकी खूश झाले की पहिल्याच दिवशी चार पानांचे कच्चे आराखडे उरकले.

झाड म्हणजे स्टूल आणि कपाटाची कड. वारा म्हणजे टेबलफॅन. फुलपाखरू म्हणजे छताच्या पंख्याला दोऱ्यानं बांधलेली एक उरलेली लग्नपत्रिका. पंखा एकवर ठेवला की ती गरगर फिरायची आणि दर फेरीला वैशूच्या कानशिलात बसायची. नदी सगळ्यात अवघड, कारण आमच्याकडं नळाला पाणी तीन दिवसांआड. मी टबात चार बादल्या ओतून नदी केली. ती फेकून कशी देणार? चित्र झालं की त्या नदीत कपडे भिजवायचे, मग तिनंच फरशी पुसायची. आमच्या घरात त्या महिन्यात अगदी सहज विचारलं जायचं, "नदी संपली का?" आणि उत्तर यायचं, अर्धी बादली आहे, मोरीत ठेवलीय. एकदा हे अर्धवट झोपेत उठून आले, नदीनं तोंड धुतलं आणि काही न विचारता परत जाऊन झोपले.

मधूनच वैशू चुळबुळ करायची. डोळ्यांपुढचं फुलपाखरू हातानं बाजूला करायची, स्टुलावर पाय बदलायची. मग मी दातओठ खाऊन कुजबुजायचे, "हलू नको गं, तू मजेत आहेस." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. त्यात काही विचित्र आहे, असं एकदाही मनात आलं नाही.

आठ दिवसांनी अप्पा आणि गुरुजी कच्ची चित्रं बघायला आले. अप्पा आधी हरखले. मग म्हणाले, पोरगी लई उंच चढली ताई, हे बघून आमचं एखादं पोरगं चढलं अन् पडलं तर? खाली शाळेचं नाव छापायचंय. मी झाड कमी केलं. पुढच्या खेपेला आणखी कमी. चौथ्या खेपेला झाड एवढं बुटकं झालं की वैशूला त्यावर चढायच्या ऐवजी ते ओलांडून जाता आलं असतं. नदी कमरेवरून गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून घोट्यावर, आणि शेवटी तिला नदी म्हणायचं ते केवळ गुरुजींच्या कवितेत तसं लिहिलंय म्हणून. पाय अनवाणी नकोत, काटे असतात. पण बूट घालून पाण्यात उभी केली तर पालकांना आवडणार नाही. म्हणून बूटमोजे काठावर, जोडीनं, ओळीत. झाडाचा आंबा तोडणं ही चोरी, सबब आंबा कापडी पिशवीतून काढलेला दाखवला. फुलपाखराकडं बघताना हाताची घडी असावी, ही गुरुजींची सूचना.

हे सगळं मी मुकाट्यानं का केलं? आत माझं नाव छापलं जाणार होतं म्हणून. खोटं कशाला बोलू.

प्रत्येक दुरुस्तीला वैशू परत स्टुलावर. मी समोर बघून काढणारी, त्यामुळं साधी हाताची घडीसुद्धा मला समोर लागायची. आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचे वीस. दर रविवारी मी तिला पुढच्या रविवारचा वायदा करायचे आणि ती मान हलवायची. तिची कपड्यांची पिशवी दारामागं भरून ठेवलेली असायची.

याच सुमारास शेजारच्या झुबेदा खालांनी ईदसाठी बकरा आणला. जिन्याच्या कठड्याला बांधलेला असायचा. वैशूला कामातून पाच मिनिटं सुटी मिळाली की ती त्याच्यापाशी जाऊन बसायची, त्याच्या कानात काहीबाही सांगायची. गुरुजींच्या एका कवितेत बकरी होतीच, म्हणून मी त्याला खालांच्या परवानगीनं घरात आणला आणि त्यालाही सांगितलं, हलू नको. त्यानं दहा मिनिटं माझ्याकडं नीट बघितलं. मग टेबलावर पुढचे दोन पाय टाकले आणि नऊ नंबरचं रंगवून झालेलं पान खायला लागला. वैशू गुडघ्यापर्यंत गेली, नदी अख्खी गेली, काठावरचा एक बूट उरला. वैशू खळखळून हसली, चांगलं आवाज करून. आतून हे ओरडले आणि मी तिच्यावर डोळे वटारले. ती गप्प झाली.

बकरा न्यायला आलेल्या खाला दारात उभ्या राहून स्टुलाकडं, टबाकडं, पंख्याला लटकलेल्या पत्रिकेकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "बच्ची कू कायकू पुतला बनाके रखे बाई? जरा छोडो ना उसकू."

मी म्हटलं, खाला, निसर्गाचं पुस्तक करतेय, लई जबाबदारीचं काम असतं. त्यांनी बकऱ्याची दोरी धरली आणि गेल्या. मला त्यांचा राग आला. निसर्गाचं पुस्तक कसं होतं हे या बाईला काय ठाऊक, असं मी दिवसभर धुसफुसत होते.

नऊ नंबरचं पान गेलं म्हणजे फर्मा अडला. आणि दुसऱ्याच दिवशी माझा भाऊ वैशूला न्यायला आला. पत्रं पाठवून दमला होता, शेवटी स्वतः एसटीनं आला. वैशूनं पिशवी दारामागून पुढं आणली, स्वतःच्या हातानं वेडीवाकडी रिबीन बांधली आणि चप्पल घालून उंबऱ्याशी उभी राहिली. मी भावाला चहा दिला, बाजूला घेतलं आणि म्हटलं, दादा, एवढं एक पान राहिलंय, आठ दिवसांनी ये. तो म्हणाला, आता पेरणीआधीची कामं निघतील, मला यायला नाय व्हायचं. मग मीच आणून सोडते, मी म्हणाले. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, घरून आणलेल्या चिंचा तिच्या ओंजळीत घातल्या आणि जिना उतरून गेला.

मला वाटलं, आता ही भोकाड पसरणार आणि आतून हे उठून येणार. तसं काही झालं नाही. वैशूनं चप्पल काढली, पिशवी पलंगाखाली सरकवली, आपण होऊन स्टुलावर चढली आणि कुजबुजत मला विचारलं, "कुठला हात वर?"

मी सांगितलं, उजवा.

छपाईच्या आधीची शेवटची बैठक झाली. अप्पांनी सगळी पानं पुन्हा पुन्हा बघितली आणि म्हणाले, सगळं झ्याक झालं, एक ऱ्हायलं. पोरीचं तोंड मिटवा. अकरा पानांवर नुसता आ वासलाय, माशी जाईल. तिथं मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अप्पा, झाड तुम्ही कापलं, नदी तुम्ही आटवली, आंबा पिशवीत घातला. आनंद म्हणून एवढं एक तोंड राहिलंय. ते मिटवायचं असेल तर माझं नाव काढून टाका."

अप्पा दचकले. ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या म्हणाले. गुरुजी इतका वेळ चष्मा कपाळावर चढवून चित्रं डोळ्यांजवळ धरून बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "पण बाई, ही पोरगी झाडाकडं बघत नाही, नदीकडं बघत नाही. सगळ्या पानांवर आपल्याकडंच का बघायली?"

मी तयारच होते. वाचकाचं आणि पुस्तकाचं नजरेचं नातं जुळावं म्हणून, असं कॉलेजात कधीतरी ऐकलेलं ठोकून दिलं. गुरुजींनी मान डोलावली. फुलपाखरापुढं हाताची घडी घालायला लावणारा माणूस, याला चित्रातलं काय कळतंय, असं मनात म्हणत मी पानं गोळा केली.

वैशूला माहेरी नेऊन सोडणं झालं नाही. छपाईच्या फिल्मा मुंबईहून करून आणायच्या, छापखान्यात रंग जुळवायला उभं राहायचं, यात मे संपला. पुढच्या वर्षी चौथी, तिचे स्कॉलरशिपचे जादा तास. त्याच्या पुढच्या वर्षी भावानं मळा विकला आणि विकत घेणाऱ्यानं चिंच पाडली.

पुस्तक मात्र देखणं झालं, आजही म्हणेन. शाळा उघडली त्या दिवशी वैजापूरला समारंभ झाला. मुलांना पुस्तकं वाटली, फोटो काढले आणि लगेच परत गोळा केली, कारण मैदानात धूळ होती. मग ती काचेच्या कपाटात रचून कपाटाला कुलूप लावलं. मधल्या सुट्टीत मुलं काचेला नाक लावून मुखपृष्ठावरचं बुटकं झाड बघायची आणि मागून गुरुजी खेकसायचे, आत काय उभे राहता, बाहेर जाऊन खेळा. त्या अर्थानं अप्पांचा हेतू सफल झाला.

ज्यांनी ज्यांनी ते पुस्तक बघितलं त्यांनी मला एकच सांगितलं, बाई, त्या पोरीचं तोंड. आवाज ऐकू येतो अगदी. आमच्या कॉलेजनं मला दोनदा बोलावलं, चित्रात आनंद कसा आणावा हे मुलांना सांगायला. मी फळ्यावर ते तोंड काढून दाखवायचे आणि ते मिटवू दिलं नाही म्हणून अप्पांशी कशी भांडले ते रंगवून सांगायचे. झाड गेलं, नदी गेली, पण तोंड मी राखलं. त्या एका तोंडावर मी तीसेक वर्षं ताठ मानेनं काढली.

गेल्या दिवाळीत वैशू पुण्याहून आली. बरोबर तिचा पाच वर्षांचा ओम. कपाटात उचकापाचक करताना त्याच्या हाती ते पुस्तक लागलं, माझ्याकडची शेवटची प्रत. माझ्या मांडीवर बसून त्यानं पानं उलटली आणि विचारलं, "आजी, ही मुलगी नदीकडं का बघत नाहीये?"

मी घसा खाकरला आणि नजरेचं नातं सांगायला सुरुवात केली. वैशू समोर करंज्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, "ती नदी नव्हती रे, टब होता. आणि ती आजीकडं बघत होती."

"ओरडते का?" ओमनं विचारलं.

"नाही. हाक मारतेय. 'आई, चल ना,' म्हणतेय. मी रोज तेच म्हणायचे. आवाज करायचा नव्हता ना."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी काहीतरी उलट बोलले असते. तिनं करंजीची कड मुडपली, ताटात ठेवली आणि पुढची पारी उचलली. ओम मांडीवरून उतरून पळाला.

मी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून बघत गेले. सरांचं म्हणणं मी तंतोतंत पाळलं होतं. दिसलं तेवढंच काढलं होतं, अक्कल लावली नव्हती. त्या पुस्तकाची प्रूफं मी चार वेळा तपासली होती, एक अनुस्वार इकडचा तिकडं नाही. आणि अकरा पानांवर माझी पोर माझ्या डोळ्यांत बघून मला हाक मारत होती, आणि मी तिच्या दातांवर उजेड नीट पडलाय का ते बघत होते.